बिघाड पोरात नव्हता

तुमच्या घरी ऑनलाइन मागवलेली नवी कोरी वस्तू आली आणि ती धड चालेना, तर पहिला संशय कोणावर जातो? वस्तूवर? मुळीच नाही. ज्याच्या हट्टापायी ती आली, त्याच्यावर जातो. मिक्सर बंद पडला तर सुनेने भांडं जास्त भरलं असणार. मोबाइल अडकला तर आजोबांनी नको ते दाबलं असणार. आणि गेमिंग कॉम्प्युटर बिघडला तर विचारूच नका. तो अठरा वर्षांच्या मुलाने मागितलेला असतो, म्हणजे खटला उभा राहण्याआधीच निकाल लागलेला असतो.

गेल्या जूनमध्ये आमच्या घरी हेच झालं. आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. त्या दुष्काळी भागातली गलाई करणारी माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पसरली आहेत, हे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. बाबा त्याच कामासाठी मैसूरला आले. त्यांचं छोटं दुकान अशोका रोडच्या भागात आहे आणि घर हिनकलला, हुणसूर रस्त्यावरच्या फ्लायओव्हरपासून चालत पाच मिनिटांवर. मी घरूनच कंटेंट रायटिंग करते. धाकट्याची सेकंड पीयूसी संपली आणि त्याने कॉम्प्युटर मागितला. त्याला गेम खेळायचे होते, हे काही लपून नव्हतं. पण थ्रीडी ॲनिमेशनचा कोर्सही त्याच मशिनवर करायचा होता. किंमत ७८ हजार. त्यातले २६ हजार त्याने दोन वर्षं लग्नांचे व्हिडिओ एडिट करून साठवलेले. उरलेले बाबांचे.

खोका आला त्या दिवशी बाबांनी एकच अट घातली : उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, खोक्यावरच्या चिकटपट्टीपासून ते मशिन चालू होईपर्यंत, मध्ये न थांबवता. गलाईवाल्याची ही सवयच असते. गिऱ्हाईक जुना दागिना घेऊन आलं की त्याच्यासमोर तोलायचा, त्याच्यासमोर मुशीत गाळायचा आणि निघालेली लगड पुन्हा त्याच्यासमोर तोलायची. नजरेआड झालेल्या सोन्याबद्दल मागाहून कोणी काहीही बोलू शकतं. धाकटा हसला, पण व्हिडिओ काढला. त्या अकरा मिनिटांच्या व्हिडिओचा पुढे किती उपयोग झाला, ते सांगतेच.

पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी गेम सुरू करून वीसेक मिनिटं झाली की कॉम्प्युटर आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. सिनेमा लावला तर तीन तास बिनतक्रार. ब्राउझर, टायपिंग, सगळं ठीक. गेम लावला की गचका. तिसऱ्या दिवशी निळा पडदा आला आणि धाकट्याचा चेहरा पांढरा पडला.

"तरी मी म्हणत होते," आई म्हणाली. काय म्हणत होती ते तिने सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. बाबा म्हणाले, "एवढा वेळ खेळल्यावर तापणारच की." त्याने तापमान दाखवलं, खेळताना ७२ अंश, जे अशा मशिनसाठी नेहमीचंच आहे. पण आकडे बघायला कोणी बसलं नाही. रात्री तो जेवायला आला नाही. ७८ हजारांपेक्षा मला त्याचीच काळजी जास्त वाटली. दोन वर्षं रात्री जागून साठवलेल्या पैशांवर "तूच काहीतरी केलं असशील" हे ऐकायला लागणं वाईटच.

कस्टमर केअरनेही तेच ऐकवलं, फक्त गोड आवाजात. कन्नडचा पर्याय निवडल्यावर एक मुलगी म्हणाली, "ऑफ माडी, ऑन माडी मॅडम." बंद करा, चालू करा. ते तो आपला आपणच करत होता, तीच तर तक्रार होती! मग विंडोज पुन्हा टाका. तेही झालं. मग म्हणे तुमच्याकडचं व्होल्टेज कमी-जास्त होत असेल. आता पावसाळ्यात आमच्याकडे वीज येते-जाते, हे खरं. त्यामुळे त्या उत्तरावर घरात सगळ्यांचं एकमत झालं, आणि माझा संशय तिथेच सुरू झाला. जे कारण सगळ्यांनाच सोयीचं असतं ते तपासून बघावं, असं मला वाटतं.

इथे थोडं तांत्रिक सांगते, कंटाळू नका. कॉम्प्युटरची रॅम म्हणजे त्याची काम करण्याची मोकळी जागा, स्वयंपाकाच्या ओट्यासारखी. आमच्या मशिनमध्ये आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. आठ जीबीच्या एका पट्टीत शून्य किंवा एक लक्षात ठेवणारे सुमारे ६,८७० कोटी कप्पे असतात. त्यातले मोजके जरी खराब असले, तरी तिथे ठेवलेला शून्य परत काढताना एक होऊन येऊ शकतो. टायपिंगला ओट्याचा कोपरा पुरतो, त्यामुळे खराब कप्प्यांपर्यंत पाळी येतेच असं नाही. गेम सगळा ओटा अडवतो. मग कधी ना कधी त्या कप्प्याला हात लागतो आणि मशिन कोसळतं. म्हणूनच "बाकी सगळं तर चालतंय ना" हा घरातला युक्तिवाद इथे लागू पडत नाही.

हे तपासायला मेमटेस्ट८६ नावाचा एक प्रोग्राम मिळतो, त्याची एक आवृत्ती फुकट आहे. तो पेनड्राइव्हवर टाकायचा आणि कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू करायचा. यात दोन मोठे फायदे आहेत. एक, कॅबिनेट उघडावं लागत नाही, म्हणजे वॉरंटीच्या स्टिकरला धक्का लागत नाही. दुसरा, तो विंडोजशिवाय चालतो. तिथे चूक दिसली तर "विंडोज पुन्हा टाका" या सल्ल्याला अर्थच उरत नाही. माझ्या लॅपटॉपवर आम्ही पेनड्राइव्ह तयार केला आणि रात्री साडेदहाला लावून दिला. पंधरा-वीस मिनिटांत लाल ओळी यायला लागल्या. धाकटा ओरडला, "ताई, बघ!" एवढ्या आनंदाने कोणी बिघाड बघितलेला मी पाहिला नव्हता.

राहिलं व्होल्टेज. त्यावर उपाय बाबांनीच सांगितला, तोही सहज. म्हणाले, दुकानात यूपीएस आहे, तिथे लावून बघा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोतं-गोधडीत गुंडाळून कॅबिनेट रिक्षातून अशोका रोडला नेलं आणि दुकानातल्या बिलिंगच्या कॉम्प्युटरचा पडदा काढून त्याला जोडला. मुशीच्या भट्टीपासून चार हातांवर तोच प्रोग्राम लावला. पुन्हा लाल ओळी, आणि त्याच जागांचे पत्ते. प्रोग्राम खराब जागेचा क्रमांकही दाखवतो. हिनकलच्या विजेवर जे क्रमांक आले, तेच यूपीएसवर आले. बाबांनी चष्मा लावून दोन्ही फोटो शेजारी धरले आणि आकडा न् आकडा पडताळला. सोन्याचा कस बघताना बघतात तसं. मग धाकट्याकडे न बघता म्हणाले, "चहा सांग तिघांना."

आता पत्र लिहायचं काम माझ्याकडे. बी.ए. इंग्लिशचा उपयोग काय, असं नातेवाईक विचारतात ना, त्यांच्यासाठी सांगते. मी रागाचा एकही शब्द लिहिला नाही. ऑर्डरचा क्रमांक, वस्तू मिळाल्याची तारीख, बिघाड कधी आणि कसा होतो, काय तपासलं, दोन ठिकाणी कोणते क्रमांक आले, सोबत फोटो आणि तो अकरा मिनिटांचा व्हिडिओ. शेवटी एक स्पष्ट मागणी : सदोष भाग बदलून द्या किंवा पूर्ण मशिन बदला. आणि हे पाचव्या दिवशी पाठवलं, कारण बदलून देण्याची मुदत सात दिवसांची होती. मुदत संपल्यावर तीच तक्रार "रिपेअर"च्या रांगेत जाते आणि तिथे किती दिवस लागतील ते देव जाणे. फोनवर बोललेलं कुठे राहतं? मेल राहतो. म्हणून प्रत्येक फोननंतर मी दोन ओळींचा मेल टाकत होते, "आज अमुक वाजता आपण असं सांगितलंत."

मग सुरू झाली टोलवाटोलवी. संकेतस्थळ म्हणे विक्रेत्याशी बोला, विक्रेता म्हणे मशिन जोडणाऱ्या कंपनीशी बोला, कंपनी म्हणे संकेतस्थळावरच तक्रार नोंदवा. हे तुमच्याही वाट्याला आलं असेल. अशा वेळी दोन-चार गोष्टी माहीत असल्या तर आवाजात आपोआप जोर येतो. आपल्याकडे १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याच्या कितीतरी आधी, १९७४ मध्ये, पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली होती, याचा मराठी माणूस म्हणून मला जरा अभिमान आहे. जुन्या कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा आला, तो २०२० च्या जुलैपासून लागू आहे, आणि ऑनलाइन खरेदीसाठी त्याच वर्षी वेगळे नियम झाले. त्यांनुसार संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. वस्तू सदोष असेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही.

अजून एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. पूर्वी विक्रेता जिथला तिथे खेटे घालावे लागतील या भीतीने माणसं गप्प बसायची. आता तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे विक्रेता देशाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी आमच्यासाठी मैसूरचाच आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. तिथे मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही. आईला हे फारच आवडलं. "म्हणजे मीपण करू शकते," ती म्हणाली, आणि तो नंबर फ्रिजवर लिहून लावला.

मला आयोगापर्यंत जावं लागलं नाही. मेलमध्ये नियमाचा उल्लेख आणि १९१५ वर तक्रार करण्याचा इरादा, दोन्ही शांतपणे लिहिले. दुसऱ्याच दिवशी तक्रार क्रमांकासह पोच आली. नवव्या दिवशी तंत्रज्ञ दारात. मध्ये कोणीतरी "सात दिवस झाले" असं म्हणून पाहिलंच, पण पाचव्या दिवशीचा मेल होता ना.

तो तंत्रज्ञ बिचारा चांगला होता. मंड्याहून बाइकवर भिजत आलेला. आल्या आल्या म्हणाला, रॅम बदलतो, ओटीपी द्या. इथे जरा थांबा. हा ओटीपी म्हणजे "काम झालं" अशी तुमची सही असते. तो दिला की तक्रार त्यांच्याकडून बंद. धाकटा पहिल्यांदाच पुढे झाला. म्हणाला, आधी एकेक पट्टी वेगळी लावून बघूया. बघितली. पहिल्या पट्टीवर एकही लाल ओळ नाही, दुसरीवर दहाव्या मिनिटाला. मग दुसरी पट्टी वेगळ्या खाचेत लावली, तरी तेच. म्हणजे दोष पट्टीत, मदरबोर्डात नाही. तंत्रज्ञ त्याच्याकडे बघून कन्नडमध्ये म्हणाला, कुठे नोकरीला आहेस रे? आई पोहे घेऊन आत आली होती. तिने ते ऐकलं, आणि पोह्यांवर खोबरं दुप्पट पडलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

नवी पट्टी बसली. पण पूर्ण चाचणीला काही तास लागतात आणि त्याला पुढे दोन घरं होती. ओटीपीशिवाय गेला तर त्याला वरून बोलणी बसतात, हे त्यानेच सांगितलं. आम्हाला त्याची अडचण कळत होती, तरी मी ओटीपी दिला नाही. सकाळी फोनवर देईन म्हटलं, आणि चाचणी चालू असल्याचा मेल त्याच्यासमोर कंपनीला पाठवला, म्हणजे उशीर आमच्यामुळे झाला हे नोंदलं जाईल. रात्रभर चाचणी चालली. सकाळी सहाला पडद्यावर चुका शून्य. सव्वासहाला मी त्याला फोन केला. तो झोपेतच होता.

धाकट्याला अजून रुखरुख आहे की पूर्ण मशिनच बदलून मागायला हवं होतं. असेलही. माझं मत, ज्या भागात दोष सिद्ध झाला तो बदलून मिळाला आणि बाकीचे तपासून निघाले, एवढं पुरे. यावर आमचं अजून भांडण होतं.

बाबांनी त्याला काही म्हटलं नाही. सॉरी वगैरे शब्द आमच्या घरात चालत नाहीत. पण परवा जेवताना म्हणाले, दुकानातला बिलिंगचा कॉम्प्युटर हल्ली मध्येच अडकतो, तो तुझा लाल ओळींचा पेनड्राइव्ह घेऊन उद्या ये. धाकट्याने भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "सकाळी येऊ की दुपारी?"

"सकाळी ये," बाबा म्हणाले. "दुपारी गिऱ्हाईक असतं."