पत्रिकांची वही

आमचे वडील शाळामास्तर होते आणि ज्योतिष पाहत. दक्षिणा घेत नसत, त्यामुळे नांदेडच्या आमच्या भाड्याच्या घरात पत्रिका घेऊन येणाऱ्यांना तोटा नव्हता. निवृत्तीनंतर ते लातूरला स्थायिक झाले, तेव्हा येणाऱ्यांचे प्रश्न तेवढे बदलले. नांदेडला लोक लग्न, बदली आणि कोर्टातली तारीख विचारीत. लातुरात बहुतेकांचा एकच प्रश्न असे : पोराच्या पत्रिकेत डॉक्टरकीचा योग आहे का? ज्या गावाने घोकून, सराव करून, पुनःपुन्हा पेपर सोडवून गुणवत्ता यादी गाठण्याचा 'लातूर पॅटर्न' महाराष्ट्राला दिला, त्याच गावातले पालक ही विचारणा करीत, याची आम्हांस तेव्हा मौज वाटे.

वडिलांची एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. तीत थोरामोठ्यांच्या कुंडल्या मांडलेल्या असत. नरहर कुरुंदकरांचीही होती. वडील त्यांना पीपल्स कॉलेजच्या आवारात दुरून पाहत आणि त्यांच्या निरीश्वरवादाबद्दल जपून बोलत. इंटरला वारंवार नापास होणे आणि तरीही मराठवाड्याचा सर्वांत साक्षेपी विचारवंत होणे, ही दोन्ही टोके त्यांनी एकाच कुंडलीतून बिनबोभाट काढून दाखवली होती. पण वहीचा मानबिंदू म्हणजे लता मंगेशकरांचे पान.

या पानावर वडिलांचा विशेष जीव असण्याला आणखी एक कारण होते. मास्टर दीनानाथांना ज्योतिष उत्तम येत असे आणि मुलीची कीर्ती त्यांनी आधीच वर्तवली होती, ती पाहायला आपण नसू हेही सांगितले होते, अशी आठवण मंगेशकर कुटुंबात सांगितली जाते. २४ एप्रिल १९४२ रोजी दीनानाथ गेले तेव्हा लताबाई बारा वर्षांच्या होत्या. वडील ही हकिकत सांगताना स्वतःला नकळत दीनानाथांच्या जागी ठेवीत, हे आम्हांस फार उशिरा कळले.

आमची थोरली बहीण गात असे. नांदेडला ती पाच वर्षे रीतसर शिकली. १९७८ साली शिकवणाऱ्या बाईंनी परभणी आकाशवाणीच्या स्वरचाचणीचा अर्ज स्वतः भरून पाठवला आणि फक्त सही करायला घरी दिला. वडिलांनी वही उघडली. ताईचे कन्या लग्न. वाणीस्थानी तुळेचा शुक्र, म्हणजे स्वराशीचा, पण रवीच्या अगदी शेजारी, अस्तंगत. "गळा आहे, पण उजेडात यायचा नाही," असे ते म्हणाले. अर्जावर सही झाली नाही. पुढे क्लासही सुटला. त्यात क्रौर्य नव्हते, खर्च वाचवण्याचा हेतूही नव्हता. मुलीला अपेक्षाभंगाचे दुःख होऊ नये, असे त्यांना मनापासून वाटले. एखाद्याचे नुकसान किती मायेने करता येते, हे आम्ही त्या दिवशी पाहिले. समजले नाही, कारण आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो आणि आम्हांस वडिलांचे म्हणणे शास्त्रशुद्ध वाटले होते.

त्यानंतर १९९३. ३० सप्टेंबरची पहाट, तीन वाजून छप्पन मिनिटे. किल्लारी आणि भोवतालची गावे झोपेतच गेली; आदल्याच दिवशी गणपती बोळवलेले होते. औसा तालुक्यातल्या ज्या माणसांच्या पत्रिका वडिलांनी पाहिल्या होत्या, त्यांतली काही त्या पहाटे गेली. पुढले कितीतरी दिवस ते त्या पत्रिका समोर घेऊन बसत. कोणाच्या दशेत मारकेश होता, कोणाच्या नव्हता. शेवटी ते म्हणाले, समूहाचे प्रारब्ध व्यक्तीच्या पत्रिकेवर मात करते. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिसेरोने नेमके हेच विचारून ठेवले होते, की कॅनीच्या रणात पडलेले सगळे रोमन एकाच ताऱ्यावर जन्मले होते काय? आम्ही ते वडिलांना सांगितले नाही. त्या दिवसांत सांगण्यासारखे ते नव्हते. २००८ साली जयंत नारळीकरांनी दाभोलकर, घाटपांडे आदींच्या साहाय्याने ज्योतिषाची चाचणी घेतली आणि हुशार मुलांच्या व मतिमंद मुलांच्या पत्रिका ओळखण्यात ज्योतिष्यांचे यश ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीइतकेही भरले नाही. तेव्हा मात्र कात्रण त्यांच्यापुढे ठेवले. ते शांतपणे म्हणाले, "त्यांनी बुद्धी तपासली. प्रतिभा नाही."

२०११ मध्ये वडील गेले. वही उघडण्याचा प्रसंग आला तो ६ फेब्रुवारी २०२२ रोजी, लताबाई गेल्या त्या दिवशी. नांदेडहून ताईचा फोन आला : "दादांच्या वहीतलं ते पान अजून आहे का रे?"

पान होते. २८ सप्टेंबर १९२९, इंदूर. त्या दिवशी रवी कन्येत आणि चंद्र कर्केत. पण ते तर त्या दिवशी जन्मलेल्या साऱ्यांचेच. माणूस वेगळा ठरतो तो लग्नाने, आणि लग्न सुमारे दोन तासांनी बदलते. वडिलांनी आधी मिथुन लग्न मांडले होते. त्याने चंद्र स्वगृही वाणीस्थानी येतो. गळ्याचे कोडे सुटले. पण पुढे बारीक अक्षरांत शेरा होता, 'विवाहाचे जुळत नाही', आणि ते खोडून वृषभ लग्न. लग्नेश शुक्र, कलेचा कारक, सारे जुळले. या कृतीला ज्योतिषात जन्मवेळेचे शुद्धीकरण म्हणतात. आयुष्य आधी ठाऊक असते, पत्रिका मागून त्याच्या मापाची बेतली जाते.

यावर हसण्याचा अधिकार आम्हां मराठीच्या मास्तरांना कितपत आहे, हा प्रश्नच आहे. १९१८ साली भादली स्थानकाजवळ बालकवींना रेल्वेचा अपघाती मृत्यू आला आणि तेव्हापासून आम्ही त्यांच्या कवितांत मृत्यूच्या पूर्वखुणा वर्गावर्गांतून दाखवीत आलो आहोत. ते ऐंशी वर्षे जगते तर त्याच ओळी निसर्गप्रेमाच्या म्हणून शिकवल्या असत्या. केशवसुतांच्या जन्मतारखेवरच अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याने त्यांची एकही कविता अडलेली नाही. चरित्रात्मक समीक्षेची ही खोड म्हणजे आमचे लग्नशुद्धीकरणच होय, असे आम्ही नांदेडच्या एका महाविद्यालयात बोललो. तेव्हा वहीतली दोन पाने शेजारीशेजारी ठेवून दाखवली होती : थोरांसाठी खोडलेले लग्न आणि मुलीसाठी न खोडलेले. श्रोत्यांना ते फार आवडले. आम्हांसही आवडले, हे कबूल केले पाहिजे.

याच व्याख्यानात दीनानाथांविषयीही बोललो. शागिर्दाची पूरिया धनाश्रीतली चूक पाच वर्षांची मुलगी दुरुस्त करते आहे, हे त्यांच्या कानी पडले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी तिला तंबोऱ्यासमोर बसवले. पत्रिकेत त्यांना जे दिसले असेल ते असो. त्यांनी आधी कान दिला होता. पुढे शशधर मुखर्जींनी आवाज फार बारीक म्हणून नाकारला, गुलाम हैदर हट्टाला पेटले, १९४९ साली 'महल' आला. यातल्या कोणीही पत्रिका पाहिलेली नव्हती.

पण वही पुन्हा हातात घेतल्यावर आमचे व्याख्यान लंगडे पडले. ताईचा जन्म १९६२ चा, अहमदपूरला घरी, कार्तिकी पौर्णिमेच्या आदल्या दोन-तीन दिवसांतला. पानावर वेळ पहाटे ४.४०. आई मात्र नेहमी सांगे की देवळात काकड आरती सुरू होती का व्हायची होती, ते काही आठवत नाही. वीस-पंचवीस मिनिटे पुढे सरकले की कन्या जाऊन तुळ लग्न येते, आणि तोच शुक्र लग्नी स्वगृहीचा होतो. मालव्ययोग. पान उजेडाकडे तिरपे धरले तेव्हा समासात पेन्सिलीने मांडलेली दुसरी कुंडली दिसली, अर्धवट पुसलेली. तुळ लग्नाची. खाली प्रश्नचिन्ह आणि साल : १९९३.

ताईने वही मागितली आहे. नांदेड काही लांब नाही. चाकूर, अहमदपूर, लोहा, की आलेच. दोनदा जाऊन आलो, वही लातुरातच राहिली.