फुटाणा आणि ४३ फूट

आमच्या घरी वळवाचा अंदाज मोबाईलच्या आधी फुटाणा सांगतो. मे महिन्यात, आभाळ अजून पांढरं असतानाच तो गच्चीच्या जिन्यात जाऊन भुंकायला लागतो. थोड्या वेळानं धुळीचा लोट येतो, पत्रे वाजतात, मग गारा. तेव्हा तरी लपावं की नाही? हा गारांवर भुंकतो आणि एकेक तोंडात धरून बघतो.

उंची माझ्या गुडघ्याच्याही खाली. पण गल्लीतून म्हशी निघाल्या की एकटा त्यांच्यासमोर उभा. म्हशी काही थांबत नाहीत. हा शेवटच्या क्षणी बाजूला होतो आणि आपणच त्यांना हाकलल्याच्या थाटात घरी येतो. पिल्लू असताना आजी म्हणाली होती, "तव्यावरचा फुटाणाच हाय ह्यो." तेच नाव पडलं.

आम्ही शाहूपुरीत, कुंभार गल्लीजवळ राहतो. पावसाळ्यात कोल्हापुरात लहान पोरांनाही दोन आकडे पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की चौकाचौकात त्याचीच चर्चा. लोक कुटुंबासह पूर बघायला जातात. आम्हीही जायचो. आमच्याकडे मात्र नदी समोरून येत नाही. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी मागं सरतं आणि मागच्या गटारीतून आवाज न करता वर येतं.

ऑगस्ट २०१९मध्ये ते तसंच आलं. संध्याकाळी पायरीला, रात्री उंबऱ्याला. बाबा म्हणाले, "येतंय आणि जातंय. दरवर्षीचंच हाय." सकाळी फ्रीज तरंगत होता. आम्ही वरच्या मजल्यावर. वीज नाही, फोन बंद पडलेले, आजीच्या साखरेच्या गोळ्या संपत आलेल्या. फुटाणा जिन्याच्या पायऱ्यांवर उभा राहून पाण्यावर भुंकत होता. पाणी एक पायरी चढलं की हा एक पायरी मागं यायचा आणि पुन्हा भुंकायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट आली. बोट आधीच भरलेली. बोटीतला पोरगा म्हणाला, "आधी माणसं घेऊया, ताई." त्याचं काही चुकलं नव्हतं. पुढचं वाक्य माझं होतं. मी म्हणाले, "राहू दे, कुत्रंच आहे."

मला कुणी ते बोलायला लावलं नव्हतं. मी गच्चीत पाण्याचं भांडं आणि बिस्किटांचा पुडा फोडून ठेवला, दार ओढून घेतलं. बोट वळेपर्यंत तो कठड्याच्या जाळीतून बघत होता. जन्मात पहिल्यांदा भुंकला नाही.

राजारामपुरीत मामाकडे सगळं कोरडं होतं. महामार्ग बंद, दुधाला रांगा, पेट्रोल नाही. पाणी ५५ फुटांच्या वर गेल्याचं तिथंच कळलं. विचारपूस करायला येणारे म्हणायचे, "घरातले सगळे सुखरूप ना?" आई होय म्हणायची. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातून आजी बोलली, "सगळे न्हाईत." त्यानंतर मी जेवताना मान वर केली नाही.

पाणी गुडघ्यावर आल्यावर बाबा आणि मी गेलो. गल्लीभर चिखल, कुजलेल्या धान्याचा वास. गच्ची रिकामी. मी हाका मारत सुटले आणि शेजारच्या माडीवरून ओळखीचं भुंकणं आलं.

शेजारचे काका मूर्तिकार. गणपती २ सप्टेंबरला बसणार होते. खालच्या मूर्ती गेल्या, पण जेवढ्या वर नेता आल्या तेवढ्या सांभाळायला ते घर सोडून गेलेच नव्हते. फुटाणा कठड्यावरून उडी मारून त्यांच्याकडे गेला होता. बिनरंगाच्या गणपतींच्या रांगेतून तो पांढराफटक होऊन धावत आला आणि सरळ बाबांच्या अंगावर चढला. माझ्याकडे नाही.

काका म्हणाले, "पाणी चढत हुतं तवर रात्रभर भुकालतं. उतराय लागल्यावर गप झोपलं. बोटीतनं बिस्किटं यायची, त्यातली निम्मी ह्याला." मी थँक यू म्हणायला गेले, तर म्हणाले, "सोबत झाली की गं मला."

चार-पाच दिवसांनी फुटाणा माझ्या पायाशी येऊन झोपला. तो विसरला असावा. मी नाही.

जुलै २०२१मध्ये बंधाऱ्यावर ३९ फूट झाल्याचं वाचलं आणि मी रिक्षा बोलावली. गल्लीतले हसले, "एवढ्यात निघाला होय?" आजी पुढं, मांडीवर गोळ्यांची पिशवी. फुटाणा माझ्या मांडीवर, रिक्षातून सगळ्या जगावर भुंकत. त्या वर्षी पाण्यानं २०१९चाही आकडा ओलांडला.

आता जून लागला की दाराशी एक पिशवी भरून ठेवते. कागदपत्रं, टॉर्च, आजीच्या गोळ्या. सगळ्यात वर त्याचा पट्टा.