पावलाची आतली बाजू

८ जून

नव्या तुकडीचा पहिला रविवार. पहाटे साडेपाचला विद्यापीठाच्या फाटकाशी पंधरा-वीस जण जमले. सगळ्यांना सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन करायची आहे, म्हणजे यवतेश्वरचा घाट चढून उतरायचा, एकूण एकवीस किलोमीटर. पळायला अजून कुणी धड सुरुवात केलेली नाही, शूज मात्र बहुतेकांचे घेऊन झालेत.

आयटीतला एक मुलगा जवळ आला. "मॅडम, मी ओव्हरप्रोनेटर आहे." नाव त्याने नंतर सांगितलं. दुकानात त्याला ट्रेडमिलवर पळवून मागून व्हिडिओ काढला होता, तो त्याने मोबाइलवर दाखवला. टाच बाहेरच्या कडेवर टेकते, घोटा आत कलतो, कमान जराशी खाली बसते आणि चवड्यावरून पाऊल सुटतं. नेमक्या कललेल्या क्षणी चित्र थांबवून त्यावर लाल रेघ मारलेली. म्हटलं, अरे, थोडंफार हे माझंही होतं, तुझ्या शेजारच्याचंही होतं. पाऊल आत कलतं म्हणून तर धक्का जिरतो. किती कलतं आणि ते नडगी-गुडघ्याला सोसतं का, एवढंच बघायचं.

"काही दुखतंय का तुझं?"

"नाही. पण पुढे दुखू शकतं म्हणाले."

त्या 'पुढे'साठी चौदा हजार रुपये गेले होते.

११ जून

आमच्या ग्रुपमधली फिजिओताई आज एक जुना स्टॅबिलिटी शूज करवतीने टाचेतून आडवा कापून घेऊन आली. खाली काळं रबर, वर इनसोल, मधे मिडसोल. मिडसोल बाहेरच्या बाजूला पांढरा, आतल्या बाजूला करडा. "दाबून बघा," म्हणाली. पांढऱ्या फोममध्ये अंगठा रुततो, करड्यात रुतत नाही. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारावी तशी ही युक्ती आहे. पाऊल ज्या बाजूला बसतं, त्या बाजूला टणक आधार.

युक्ती जुनी आहे. ब्रूक्सने १९७७ च्या 'व्हँटेज'मध्ये टाचेखाली आतून उंच अशी पाचर बसवली. १९८२ च्या 'चॅरियट'मध्ये आतल्या बाजूला जाड आणि बाहेरच्या बाजूला निमुळता होत जाणारा टणक फोम आला. अ‍ॅसिक्सचा 'जेल-कायानो' १९९३ चा. त्याला नाव दिलं ते डिझायनर तोशिकाझू कायानो यांचं. पुढे दुकानांतली विभागणी ठरूनच गेली. कमान उंच असेल तर मऊ गादीचे शूज, मध्यम असेल तर स्टॅबिलिटी, पाय सपाट असेल तर त्याहून कडक मोशन कंट्रोल.

"याने पाय सुधारतो का?" कुणीतरी विचारलं.

"पाय आहे तसाच राहतो," फिजिओताई म्हणाली. "ताण इथला उचलून तिथे ठेवला जातो. तिथे सोसला तर तुम्ही म्हणता, शूज छान आहेत."

१५ जून

बँकेतून निवृत्त झालेले काका गेली बारा-तेरा वर्षं कायानोच घालतात. एक जोड झिजला की पुढचा. "अगं, आधी दर पावसाळ्यात नडगी आतून धरायची. जिना उतरायची चोरी. हे घातले आणि थांबलं. आता मला कुणी संशोधन सांगू नये."

काकांचं दुःख वेगळंच आहे. २०२३ मध्ये कायानोची तिसावी आवृत्ती आली आणि तिच्यातून तो टणक तुकडाच गेला. त्याऐवजी तळ रुंद केला आणि कमानीखाली उसळी देणारा मऊ फोम बसवला. ब्रूक्सच्या 'अ‍ॅड्रिनलिन'नेही करडा फोम आधीच सोडला होता. आता टाचेच्या दोन्ही अंगांना कठडे असतात. पाऊल अडवण्यापेक्षा त्याला वाट दाखवायची, असा सगळा नूर आहे.

"पूर्वी कमानीखाली आधार लागायचा, कळायचा. आता नुसतं मऊ मऊ," काकांची तक्रार. त्यांनी गावभर फिरून एकोणतिसाव्या आवृत्तीचे दोन जोड पैदा केले आणि माळ्यावर ठेवले. फोम पडून पडूनही म्हातारा होतो, हे त्यांना कोण सांगणार? सध्या नाइलाजाने नवे घालून पळतायत. नडगीचं काय, ते त्यांनी आपण होऊन सांगितलं नाही. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "नाही, दुखली नाही अजून."

२१ जून

दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला. रस्ते बंद, पळणं बंद. काल ग्रुपमधला एक जण म्हणाला होता, "बघा, माउली स्लीपर घालून पंढरपूर गाठतात. कुठली स्टॅबिलिटी अन् काय!" फिजिओताई दरवर्षी वारकऱ्यांच्या पायांची सेवा करायला जाते. तिने त्याला तिथेच पकडलं. "उद्या ये माझ्याबरोबर. दोन तास पाय चोळ, मग बोलू."

तो आला, मीही गेले. टाचांना चिरा, अंगठ्याच्या बेचक्यात पट्टा काचून झालेल्या जखमा, सुजलेले घोटे. शेजारी एक दादा फुकट चपला शिवून देत होते. त्यांच्यापुढची रांग आमच्याहून मोठी. मराठवाड्यातल्या एका आजींना विचारलं, पाय दुखतात का? "दुखत्यात की. पण तिकडं ध्यान दिलं तर चालणं व्हायचं कसं?"

परतताना तो गप्प होता. चालताना एक पाय तरी कायम जमिनीवर असतो. पळताना दर पावलाला अंगाच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट भार एकाच पायावर येतो. वारीचा दाखला शूजच्या वादात ओढू नये, असं माझं मत आहे. वारकऱ्यांच्याही पायांवर त्याने अन्याय होतो.

२९ जून

शाळेत शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी मोरीतून निघताना शहाबादी फरशीवर उमटलेल्या ओल्या पावलाचा फोटो ग्रुपवर टाकला. अख्खं पाऊल उमटलंय, कमानीची खाच औषधालाही नाही. पाय जन्मापासून सपाट. साध्या, बिनआधाराच्या न्यूट्रल शूजमध्ये दोन हाफ झाल्या, कधी काही दुखलं नाही. तरी चौघांनी सांगितलं म्हणून या महिन्यात स्टॅबिलिटी शूज घेतले. तिसऱ्याच रनला कमानीच्या आतल्या कडेला रुपयाएवढा फोड. आधार नेमका तिथेच घासत होता.

बदलून घ्यायला गेल्या तर दुकानदार म्हणाला, सोलला माती लागलीय, आता नाही घेणार. "माती न लावता पळायचं कसं, तेही त्यांनीच शिकवावं," बाई म्हणाल्या. त्या पुन्हा जुन्या शूजवर आल्या आणि फोड बसला. नवे शूज नणंदेकडे गेले. ती ते घालून रोज संभाजी बागेत फिरते आणि येईल-जाईल त्याला सांगते, असे शूज दुसरे नाहीत.

६ जुलै

आषाढी एकादशी. रन लवकर आटपून साबुदाण्याची खिचडी.

नव्या तुकडीतली सीए मुलगी लंगडत आली. नडगी आतून दुखते, फक्त डावी. दुकानात तिचं डावं पाऊल जास्त कलतं असं निघालं, म्हणून स्टॅबिलिटी शूज घ्यायला सांगितलंय. मी म्हटलं, पळतेस कुठे? पाषाण रस्त्याने, रोज, समोरून येणाऱ्या गाड्या दिसाव्यात म्हणून उजव्या कडेने.

इथेच गोम होती. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता असतो. उजव्या कडेने पळणाऱ्याचा डावा पाय उताराच्या वरच्या बाजूला पडतो. त्या पायाखालची जमीन त्याच्या आतल्या बाजूला उतरते, म्हणून तो दर पावलाला जास्तीचा आत कलतो. उजवा उलट बाहेर कलतो. रोज तोच रस्ता, तीच कड, हजारो पावलं. तिला सांगितलं, नडगी शांत होईपर्यंत पळू नकोस. मग विद्यापीठाच्या आतल्या रिकाम्या रस्त्यांवर मधोमध पळ, किंवा मैदानावर, आणि फेरीची दिशा बदलत जा. शूजचे पैसे तूर्त बँकेत असू देत.

१६ जुलै

तीन दिवस धो धो. पळायचे शूज वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवलेत. घरात बसून फिजिओताईने दिलेले शोधनिबंध वाचले.

अमेरिकेच्या भूदलाने प्रशिक्षणार्थ्यांचे दोन गट केले. एकाला पावलाच्या आकाराप्रमाणे शूज, दुसऱ्याला सरसकट स्टॅबिलिटी. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हवाई दल आणि मरीन कोअरमध्येही हेच दिसलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कच्या अभ्यासात ९२७ नवख्यांना एकच न्यूट्रल शूज देऊन वर्षभर पाहिलं. ज्यांचं पाऊल आत कलतं त्यांना जास्त दुखापती झाल्या नाहीत. ही पानं बाईंना दिली तर त्या फ्रेम करून लावतील.

पण २०१६ मध्ये लक्झेंबर्गमधल्या संशोधकांनी ३७२ धावपटूंना दिसायला हुबेहूब सारखे शूज दिले. काहींच्या शूजमध्ये आतून आधार, काहींच्यात नाही, आणि आपल्याला कोणते मिळालेत ते धावणाऱ्यांना ठाऊक नाही. सहा महिन्यांत आधारवाल्यांना दुखापती कमी झाल्या, आणि तो फायदा प्रामुख्याने पाऊल आत कलणाऱ्यांच्या वाट्याला आला. हे पान काकांचं.

कॅल्गरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी २०१५ मध्ये मांडलं की, प्रत्येक शरीराची हालचालीची आपली एक वाट असते. जो शूज पायाला आरामाचा वाटतो, तो बहुधा त्या वाटेच्या आड येत नसतो. तेव्हा निवड आरामावर करावी. ऐकायला फार साधं आहे. पण नुसता ओला ठसा पाहून शूज लिहून देण्यापेक्षा हे मला पटतं. आधाराचा काही उपयोगच नाही, असं मात्र लक्झेंबर्गनंतर म्हणता येत नाही.

२५ जुलै

तळ पाहून शूज निवडणारे दोघे भेटले. एकाच्या सोलची बाहेरची मागची कड झिजलीय, म्हणून तो म्हणतो, "माझं पाऊल बाहेर कलतं, मला आधार नको." त्याला ग्रुपमधल्या सगळ्यांचे सोल दाखवले. बहुतेकांची तीच कड गेलेली, काकांचीसुद्धा. टाच टेकते तीच बाहेरच्या कडेवर. आत कलणं त्यानंतरचं. झिजलेल्या टाचेवरून त्याचा फारसा पत्ता लागत नाही.

दुसऱ्याने स्टॅबिलिटी शूजमध्ये वरून कडक कमानीचं इनसोलही घातलं होतं. आता गुडघा बाहेरच्या बाजूने दुखतो. फिजिओताईने इनसोल काढायला लावलं आणि टाचा उचलायचा व्यायाम दिला: आधी दोन्ही पायांवर, जमलं की एकेका पायावर, पायरीच्या कडेवर उभं राहून, सावकाश. कमान तोलून धरणारा स्नायू पोटरीच्या आत खोलवर असतो. तो दमला की पाऊल ढासळतं.

सीए मुलगी आठवडाभर विश्रांती घेऊन परत पळायला लागली. डावी नडगी गप्प आहे. शूज जुनेच.

१० ऑगस्ट

सराव म्हणून साताऱ्याला. पहाटे यवतेश्वरच्या घाटात ढग उतरलेले, वीस पावलांपुढचा माणूस दिसत नव्हता. चढताना शूजची कुरकुर कुणी केली नाही. सगळा दम छातीचा. खरी परीक्षा उतारावर झाली. दर पावलाला ब्रेक, मांड्या भरून आलेल्या, बोटं पुढे जाऊन आपटतात. वर पोहोचल्यावर सगळ्यांना नाडी शेवटच्या भोकातून उलट ओवून टाच घट्ट बांधायला लावली होती. ज्यांनी बांधली नाही, त्यांची अंगठ्याची नखं आठवड्यात काळी पडणार.

मी मुद्दाम सगळ्यांच्या मागून उतरले. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांत मागून पावलं पाहण्यासारखी असतात. सकाळी सरळ पडणारे घोटेही आत ढासळू लागतात. बाईंचे सपाट पाय सकाळी होते तसेच पडत होते, न्यूट्रल शूजमध्ये. काका नव्या कायानोमध्ये, तोंडाने त्याच शूजला नावं ठेवत. आयटीतल्या मुलाचे चौदा हजारांचे शूज भिजून जड झालेले, पण पाऊल घट्ट होतं. खाली आल्यावर म्हणाला, "मॅडम, उतारावर यांच्यात भरवसा वाटला." दुकानाने सांगितलेलं कारण पोकळ होतं, शूज मात्र त्याला लागू पडले. असंही होतं.

१३ ऑगस्ट

कोचसरांनी पुढच्या तुकडीसाठी शूजबद्दल अर्धं पान लिहून मागितलं. "ब्रँडची नावं टाका, लोक तेच विचारतात," असंही बजावलं. नावं टाकली नाहीत. लिहून दिलं ते असं:

स्टॅबिलिटी शूज औषध नाहीत आणि फसवणूकही नाहीत. दुकानात संध्याकाळी जा, पाय तेव्हा जरा फुगलेले असतात. मोजे नेहमीचे घाला. आधाराचा एक आणि बिनआधाराचा एक, असे दोन्ही घालून पळून बघा. जो पायात आहे हे विसरायला होतं, तो घ्या. पहिले काही दिवस थोडंच पळा. आपल्या सपाट पायाला घाबरू नका, आणि दुसऱ्याच्या शूजला हसू नका.

काही दुखत नसेल, तर कुणाच्याही सांगण्यावरून शूजचा प्रकार बदलू नका. दुखत असेल, तर आधी रस्ता बदला, मग किलोमीटर कमी करा, मग फिजिओला दाखवा आणि सगळ्यात शेवटी शूज बदला. क्रम हाच ठेवा. पहिल्या दोन गोष्टींना पैसे पडत नाहीत.