पाटसच्या वाटेवर ‘जो’ आणि ‘तो’

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे यवत, वरवंड मागें टाकून पाटस लागतें. पुण्याहून दौंडवरून दिकसाळपर्यंतचा लोहमार्ग १८५८ सालीं झाला, तोही याच भागांतून जातो. आषाढी वारींत तुकोबांची पालखी येथूनच रोटीचा घाट चढून बारामतीकडे वळते. अशा वाहत्या रस्त्यावरच्या गांवीं देऊळ पाहावें, बाजार पाहावा, तशी तेथील बोलीही कान देऊन ऐकावी, अशी आम्हांस हौस आहे.

फाट्यावर चहा घेत असतां एक म्हातारबाबा शेजाऱ्यास विचारीत होते, “काल आल्ता त्यो पाव्हना गेला का?”

शाळेंत आपण शिकलों तें वाक्य निराळें: ‘जो पाहुणा काल आला होता, तो गेला का?’ ‘जो’ हें संबंधी सर्वनाम, ‘तो’ हा त्याचा जोडीदार. दोघांनीं मिळून दोन वाक्यें सांधावयाचीं. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणां’तही ‘जो’ संबंधी सर्वनामच आहे. म्हातारबाबांनीं मात्र ‘जो’ला रजा दिली, आणि सारा भार एकट्या ‘तो’नें वाहिला.

हा खेडवळपणा म्हणावा, तर आपल्या घरांत काय चालतें? “आई सांगते तें ऐक”, “हवें तें घे”, “जाशील तेथून पत्र धाड.” ‘पेरावें तसें उगवतें’ या म्हणींतही ‘जसें’ नाहीं. परंतु ‘ज्याच्या हातीं ससा तो पारधी’ येथें ‘ज्याच्या’ गाळून पाहा; हात कोणाचा, तेंच कळत नाहीं! नातें उघड असेल तेथें ‘जो’ सुटतो, प्रत्ययावांचून तें कळणार नसेल तेथें राहतो. बोलीला असा स्वतःचा कायदा आहे.

प्रत्येक भाषेची सांधण्याची रीत वेगळी. पूर्व आफ्रिकेंतील स्वाहिलींत ‘म्तु अलियेकुजा’ म्हणजे ‘आलेला माणूस’. आपल्या ‘जो’चें काम करणारा ‘ये’ तेथें क्रियापदाच्या पोटांत बसतो.

आपल्याकडे हल्लीं “तो पाहुणा, जो काल आला होता, गेला” अशीं इंग्रजी वळणाचीं वाक्यें शिकलेल्या घरांतून ऐकूं येतात. त्यांत ‘जो’ आहे, पण मराठीची चाल नाहीं. म्हणून वाचकहो, मुलानें ‘जो’ गाळला तर लगेच लाल रेघ ओढूं नये. अर्थाला कांहीं उणें पडलें कां, एवढेंच पाहावें. आणि घरांत आजी बोलते तें त्याच्या कानांवर रोज पडूं द्यावें.