रोजचा दोन जीबी जातो कुठं? लेकरांवर आळ घेण्याआधी एवढं तपासा



पोस्ट लांब आहे. पण घरात लॅपटॉप असेल आणि तो मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालत असेल, तर शेवटपर्यंत वाचा. आपल्या कंधारात वायरचं इंटरनेट असलेली घरं कमी आणि हॉटस्पॉटवर चालणारी जास्त. म्हणून हा एकट्या-दुकट्याचा विषय नाही.

ओळखीच्या एका घरातली गोष्ट आहे. नाव सांगत नाही, पण त्या मुलीला विचारूनच लिहितोय. पोरगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. सोयाबीनचे पैसे हातात आले तेव्हा वडिलांनी नांदेडहून एक जुना लॅपटॉप आणून दिला. संध्याकाळी सात ते आठ तिचा ऑनलाइन क्लास असतो. घरात नेट म्हणजे वडिलांच्या मोबाइलचा रोजचा दोन जीबी, तेवढाच. लॅपटॉप आल्यापासून सकाळी नऊ वाजायच्या आत ‘आपला ९० टक्के डेटा वापरून झाला आहे’ असा मेसेज यायला लागला. संध्याकाळी क्लासच्या वेळेला नेट खलास.

वडील म्हणाले, “सर, पोरगी पाचला उठून अभ्यास करायली म्हणते, पण काय बघायली देव जाणे. दोन जीबी काय पुस्तक वाचून संपतंय का? लॅपटॉपच विकून टाकतो.”

पोरगी दारात उभी राहून एवढंच म्हणाली, “काका, मी फक्त नोट्स लिहिते हो.”

मुद्दा नेटचा राहिला नव्हता. घरात पोरीवर विश्वास राहतो की नाही, तिचं शिकणं चालू राहतं की नाही, हा मुद्दा होता. म्हणून म्हटलं, लॅपटॉप विकायचा तर नंतर विका, आधी हिशोब बघू. डेटाचा हिशोब लपत नाही. तो फोनमध्येही लिहिलेला असतो आणि लॅपटॉपमध्येही.

आधी फोन बघितला. सेटिंगमध्ये डेटा वापराच्या यादीत हॉटस्पॉटचा आकडा वेगळा दिसतो. सगळ्यात वर तोच होता. म्हणजे डेटा फोनमधून नाही, लॅपटॉपमधून जात होता. वडिलांनी पोरीकडं बघितलं. मी म्हटलं, थांबा, अर्धाच हिशोब झालाय.

मग लॅपटॉप उघडला. विंडोज असेल तर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग डेटा युसेज. विंडोज ११ मध्ये हे ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’च्या आत सापडतं. कोणत्या प्रोग्रॅमनं मागच्या तीस दिवसांत किती डेटा खाल्ला, याची यादी तिथं असते. तिच्या लॅपटॉपवर एकूण ४१ जीबी होते. त्यात ब्राउझर १२, म्हणजे क्लास, कॉलेजची साइट, व्हिडिओ, जे काही तिनं बघितलं ते सगळं. ‘सिस्टीम’ १७. फाइल आपोआप ऑनलाइन साठवणारं ॲप ९. किरकोळ ३.

वडिलांना कागदावर मांडून दाखवलं. ४१ पैकी पोरीचे १२. तेही रोज तासभर क्लास धरून. बाकीचे २९ जीबी तिला न विचारता गेलेले.

आता ‘सिस्टीम’ म्हणजे कोण? दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप रीस्टार्ट केला, एकही खिडकी उघडली नाही, हॉटस्पॉट जोडला आणि पंधरा मिनिटं कुणी हात लावायचा नाही असं ठरवलं. चहा झाला. फोनचा आकडा ३८० एमबीनं पुढं सरकला होता! समोर पडदा शांत, पोरगी आईजवळ स्वयंपाकघरात. वडील काही बोलले नाहीत.

त्या पंधरा मिनिटांत ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडून ठेवला होता. स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की तो सापडतो. त्यातल्या नेटवर्कच्या पानावर कोण किती बाइट ओढतंय ते त्याच क्षणी दिसतं. ओढत होती अपडेट उतरवणारी सेवा. मग अपडेटचा इतिहास उघडला. एकच मोठं अपडेट, पुढं ‘फेल्ड’. त्याच्याखाली तेच, ‘फेल्ड’. पुन्हा तेच. जुना लॅपटॉप, डिस्क काठोकाठ भरलेली. अपडेट उतरायचं, बसायला जागा नाही म्हणून अडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून उतरायचं. फुटक्या रांजणात रोज घागर ओतायचा प्रकार.

दुसरा चोर त्याहून गरीब दिसणारा. ती क्लासचं रेकॉर्डिंग डेस्कटॉपवर ठेवायची. डेस्कटॉपवरचं सगळं आपोआप ऑनलाइन साठवायचं, ही सोय लॅपटॉपमध्ये आधीच चालू करून ठेवलेली होती. म्हणजे क्लास बघताना डेटा खाली आला आणि तोच क्लास परत वर चढला. लक्षात ठेवा, वर जाणारा डेटाही तुमच्या दोन जीबीतूनच कापला जातो.

असं का होतं? मोबाइलला कळतं की आपण सिमच्या डेटावर आहोत, म्हणून तो मोठी कामं वायफाय मिळेपर्यंत थांबवतो. एका अँड्रॉइड फोनच्या हॉटस्पॉटला दुसरा अँड्रॉइड जोडला तर पहिला दुसऱ्याला आतल्या आत सांगतो की हा मोजका डेटा आहे. पण लॅपटॉपला हॉटस्पॉट म्हणजे साधं वायफाय. त्याला वाटतं घरात वायरचं नेट आहे, घे पाहिजे तेवढं. ही यंत्रणा जिथं बनते तिथं घराघरात मोठं कनेक्शन असतं. आपल्याकडं सगळं घर एका सिमवर, हे तिच्या हिशोबातच नाही.

हे जुनं दुखणं आहे. २०१५ मध्ये विंडोज १० आलं, तेव्हा लोकांनी मागितलं नसतानाही त्याच्या काही जीबींच्या फाइली कित्येकांच्या कॉम्प्युटरवर आधीच उतरून बसल्या होत्या, आणि त्यावरून जगभर ओरड झाली. आपल्याकडं तेव्हा एका जीबीला अडीचशेच्या आसपास रुपये पडायचे आणि तो महिनाभर पुरवायचा असायचा. सप्टेंबर २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि मोजायची सवय गेली. जुलै २०२४ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. त्यात महिना २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. सवय परत लावावी लागणार.

आता उपाय. सेव्ह करून ठेवा.

१) लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडलेला असताना त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. बहुतेक मोठी अपडेट थांबतात. लॅपटॉपला ‘जपून वापर’ असं सांगायची हीच जागा. फोन बदलला किंवा हॉटस्पॉटचं नाव बदललं तर परत करावं लागतं.

२) अपडेटच्या ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये इतर कॉम्प्युटरशी देवाणघेवाण बंद करा. नाहीतर तुमच्या डेटातून दुसऱ्याला अपडेट पोचवलं जाऊ शकतं.

३) ऑनलाइन साठवणीतून डेस्कटॉप आणि व्हिडिओचे फोल्डर काढा.

४) व्हिडिओ ४८०पी वर बघा. तासाला साधारण अर्धा जीबी लागतो, १०८०पी ला त्याच्या तिप्पट-चौपट.

५) अपडेट कायमची बंद करू नका. सुरक्षेसाठी ती लागतात. डिस्कवर जागा करा आणि महिन्यातून एकदा जिथं वायरचं नेट आहे तिथं लॅपटॉप नेऊन उतरवून घ्या.

आम्ही हेच केलं. डिस्क रिकामी केली, एका मित्राच्या फायबरवर अपडेट पूर्ण केलं, मीटर्ड चालू केलं. आता क्लास संपल्यावरही थोडा डेटा उरतो. लॅपटॉप पोरीकडंच आहे. वडिलांनी ‘चुकलं’ असं तोंडानं म्हटलं नाही, पण हॉटस्पॉटचा पासवर्ड तिच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहून दिला.

शेवटी सार्वजनिक बोलायचं ते बोलतो.

डेटा ५०, ९० आणि १०० टक्के संपल्यावर कंपनीनं कळवायचं, हा ट्रायचा नियम आहे. पण मेसेज ‘किती गेला’ सांगतो, ‘कुठं गेला’ सांगत नाही. तेवढ्यानं घरात भांडण लागतं, उत्तर मिळत नाही. आणि कोटा संपल्यावर ६४ केबीपीएस मिळतो म्हणे ‘अनलिमिटेड’. त्या वेगानं एक एमबी उतरायला दोन मिनिटं लागतात. त्यात प्रवेशाचा अर्ज भरून दाखवा!

गावोगाव फायबर न्यायची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, तिचंच पुढं भारतनेट झालं. सार्वजनिक वायफायसाठी पीएम-वाणी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. त्यात चहाची टपरी किंवा किराणा दुकानही परवान्याशिवाय वायफाय देऊ शकतं. मग आपल्या वाचनालयात, कॉलेजच्या अभ्यासिकेत, बसस्थानकावर अशी एक तरी जागा का नसावी, जिथं लेकरू लॅपटॉप घेऊन बसेल आणि अर्ज भरेल, अपडेट उतरवेल? येत्या नगरपालिका बैठकीआधी हे निवेदन देऊ. ज्यांना सही करायची आहे त्यांनी कमेंटमध्ये कळवा. कुठल्या प्रभागात जागा आहे, तेही लिहा.

आणि कुणाच्या घरी असाच घोळ चालू असेल तर लॅपटॉप आणि फोन दोन्ही घेऊन रविवारी सकाळी या. अर्ध्या तासात हिशोब निघतो. पैसे लागत नाहीत, चहा मात्र तुमचा.