घरातील भट्टी : घ्यावी की न घ्यावी?

मनुष्याच्या गरजा दोन प्रकारच्या असतात. एक, ज्या त्यास दुकानात जाण्यापूर्वी ठाऊक असतात. आणि दुसऱ्या, ज्या त्यास दुकानात गेल्यावर कळतात. मीठ, तांदूळ, वह्या, औषधे ह्यांविषयी निबंध लिहिण्याचे कारण पडत नाही; त्या वस्तू संपल्या की आणाव्या लागतात, एवढेच. दुसऱ्या प्रकारच्या गरजांचे मात्र तसे नाही. ती वस्तू पाहीपर्यंत आपले सारे आयुष्य तिच्यावाचून सुखाने चाललेले असते, आणि ती एकदा पाहिली की आजवर आपण दिवस कसे काढले ह्याचेच नवल वाटू लागते. अशाच एका वस्तूने गतवर्षी आमच्या घरात तीन महिने खल माजविला. ती वस्तू म्हणजे टोस्टर ओव्हन, अर्थात विजेवर चालणारी घरगुती भट्टी. दुकानदार हिला ‘ओटीजी’ म्हणतात. ओव्हन, टोस्टर आणि ग्रिल ह्या तीन शब्दांची ती आद्याक्षरे होत.

आमच्या घरात ह्या प्रश्नावर तत्काळ दोन पक्ष पडले. चिरंजीव व कन्या हे खरेदीपक्षाचे. पिझ्झा, बिस्किटे आणि नाताळचा केक ही त्यांची तीन प्रमुख प्रमेये होती. विरोधी पक्षात आम्ही एकटेच. कारण पैसे आम्हांस द्यावयाचे होते. सौभाग्यवतींनी कोणताही पक्ष स्वीकारला नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “अहो, ते सगळं खरं, पण त्यातले ट्रे घासणार कोण?” सभेत क्षणभर शांतता पसरली. आमच्या मातोश्री, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, ह्या साऱ्या वादात जपमाळ ओढीत स्वस्थ बसून होत्या.

वाद घालण्यापूर्वी वस्तूची माहिती करून घ्यावी, ह्या विचाराने आम्ही प्रथम ते यंत्र पाहून आलो. पाहता ते फार साधे निघाले. पत्र्याची एक पेटी, समोर काचेचे दार, आत जाळी, आणि वर व खाली विजेने तापणाऱ्या कांड्या. अशा कांडीत बहुधा निकेल आणि क्रोमियम ह्यांच्या मिश्रधातूची तार असते. साध्या लोखंडाची तार लाल होईपर्यंत वारंवार तापविली, तर हवेतील प्राणवायूने ती लवकरच जळून तुटते. ह्या मिश्रधातूवर मात्र तापल्यावर ऑक्साइडचा एक पातळ थर बसतो आणि तोच तिचे रक्षण करतो. अल्बर्ट मार्श ह्या अमेरिकन धातुशास्त्रज्ञास १९०६ साली तिचे पेटंट मिळाले, आणि तीनच वर्षांनी, १९०९ साली, जनरल इलेक्ट्रिक कंपनीने विजेचा टोस्टर बाजारात आणला. भाजण्याच्या विजेच्या उपकरणांचा संसार ह्या एका तारेवर उभा राहिला, असे म्हटले तरी चालेल.

आता भाजणे म्हणजे काय, हेही पाहावे. पाणी १०० अंशांस उकळते. म्हणून वाफेवर शिजणारा पदार्थ त्याहून फारसा अधिक तापत नाही, आणि ढोकळा किंवा मोदक कितीही वेळ वाफेत ठेवला तरी त्यास तांबूस रंग येत नाही. पिठातील प्रथिने व शर्करा ह्यांचा संयोग होऊन जो खमंग रंग व वास उत्पन्न होतो, त्यास कोरडी व कडक उष्णता लागते. सुमारे १४० अंशांच्या पुढे ही क्रिया झपाट्याने होते. लुई कामिय माय्यार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले, आणि आज ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. आपल्या भाकरीवरील डाग आणि पावाची खरपूस पाठ ही दोन्ही तिचीच कृपा. ओटीजीमधील थर्मोस्टॅट आपण ठरविलेल्या अंशाच्या आसपास उष्णता राखतो : पेटी पुरेशी तापली की वीज बंद, निवली की पुन्हा चालू. मायक्रोवेव्ह यंत्राची गोष्ट वेगळी. त्यातील लहरी मुख्यत्वे पदार्थातील पाण्यास तापवितात. त्यामुळे वरण चटकन गरम होते, परंतु पदार्थ भाजला जात नाही. ही दोन यंत्रे एकमेकांचे काम करतील अशी आशा धरणाऱ्यांनी आधी हा भेद ध्यानात घ्यावा.

गुण कळले, तेव्हा खर्चाकडे वळलो. आम्ही पाहिलेले मध्यम आकाराचे यंत्र ४,६०० रुपयांस होते. ते १,३०० वॅटचे. आमच्या शाळेत शिकविला जाणारा साधा नियम लावावा : वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर. १,३०० भागिले २३० म्हणजे साडेपाचांहून थोडे अधिक. स्वयंपाकघरातील लहान सॉकेट सहा अँपिअरांचे, म्हणजे भार अगदी काठावर. आणि २,००० वॅटचे मोठे यंत्र घेतल्यास तो पावणेनऊच्या घरात जातो. मोठ्या यंत्राचीच शिफारस करणाऱ्या दुकानदाराने हे सांगितले नव्हते. वायरमनने १६ अँपिअरांचे स्वतंत्र सॉकेट बसविण्याचे ६०० रुपये सांगितले. एकूण रक्कम ५,२०० झाली. विजेचा खर्च मात्र अपेक्षेहून अल्प निघाला. आधी यंत्र तापविण्यास दहा मिनिटे आणि केक भाजण्यास पस्तीस मिनिटे धरली, तर तारा सतत तापत राहिल्या तरी एका युनिटाहून किंचित कमीच वीज लागते, आणि थर्मोस्टॅटमुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. युनिटास दहा रुपये धरले, तरी एका खेपेचा खर्च दहा रुपयांच्या आत.

म्हणजे प्रश्न विजेचा नव्हता. तो ५,२०० ह्या आकड्यास कशाने भागावयाचे, हा होता. आठवड्यातून एकदा ह्याप्रमाणे पाच वर्षे यंत्र वापरले, तर २६० खेपा होतात आणि खेपेस वीस रुपये पडतात. पंधरवड्यातून एकदा वापरले, तर चाळीस. परंतु ‘नव्याचे नऊ दिवस’ ह्या न्यायाने बारा खेपांनंतर ते माळ्यावर चढले, तर प्रत्येक खेप ४३३ रुपयांची झाली. एवढ्यात बेकरीतून केक आणून शेजाऱ्यांसही वाटता येईल! आमच्या माळ्यावर ज्यूसर, सँडविच भाजण्याचा साचा आणि व्यायामाची एक स्प्रिंग ही मंडळी आधीच नांदत होती, हे सांगितले म्हणजे आमची भीती अनाठायी नव्हती हे वाचकांस पटेल.

तेव्हा आम्ही असे ठरविले की, यंत्राची परीक्षा पुढे होईल. आधी आपल्या हौसेची घ्यावी. स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेजवळ निरनिराळ्या रंगांच्या पेन्सिली बांधून ठेवल्या, मातोश्रींसाठीही एक. ज्यास ज्या दिवशी ‘आज भट्टी असती तर अमुक केले असते’ असे खरोखर वाटेल, त्याने त्या तारखेस खूण करून पदार्थाचे नाव लिहावे. सौभाग्यवतींनी त्यास एक पोटकलम जोडले : ज्याची खूण, त्याने ट्रे घासावयाचा. हे कलम संमत होताच खरेदीपक्षाच्या मुद्रेत किंचित फरक पडलेला आम्ही पाहिला.

पहिल्या महिन्यात अकरा खुणा झाल्या, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात चार. एकंदर एकवीस. आम्ही त्यांची छाननी केली. त्यांतील नऊ नुसत्या टोस्टच्या होत्या. टोस्टसाठी भट्टी तापवीत बसणे म्हणजे पत्र पाठविण्यास मालगाडी जोडण्यासारखे आहे. दोन पावांस तवा पुरतो. एक खूण वांग्याच्या भरिताची होती. वांगे भट्टीत मऊ होते खरे, पण जाळावर करपलेल्या सालीचा जो धुरकट वास भरितास हवा, तो ह्या पेटीत येत नाही. म्हणून तीही वगळली. तीन केकच्या होत्या. बिनशिट्टीच्या कुकरात मिठाच्या थरावर केक होतो, आणि गॅसही थोडा लागतो. परंतु उष्णता एकट्या खालून मिळत असल्याने वरची पाठ पांढुरकी राहते, हे सौभाग्यवतींनी पूर्वीच करून पाहिले होते. नानकटाईच्या चार खुणांवर बरीच चर्चा झाली. दिवाळीपूर्वी आपले तूप, मैदा व साखर घेऊन बेकरीत जावे आणि डबे भरून नानकटाई भाजून आणावी, ही आपल्याकडील जुनी चाल आहे, आणि घाऊक प्रमाणात तीच स्वस्त. पण वर्षातून एकदा डबाभर खाणे निराळे आणि पावसाळ्यात संध्याकाळी आठ-दहा ताज्या भाजणे निराळे, ही कन्येची तक्रार आम्हांस रास्त वाटली.

राहिलेल्या चार खुणांनी मात्र आमचा निर्णय केला. दोन महिने मातोश्रींची पेन्सिल कोरी होती. “ते तुमच्या बिस्किटांचं काम,” असे त्या म्हणत. तिसऱ्या महिन्यात, भाद्रपदाच्या सुमारास, गावाहून कोणी मोठी पिकलेली तवशी आणून दिली. त्या रात्री मातोश्रींनी आम्हांस विचारले, “अरे, त्या पेटीत वरूनपण विस्तव असतो का?” असतो म्हणताच त्या उठल्या, दिनदर्शिकेजवळ गेल्या आणि थरथरत्या हाताने त्यांनी लिहिले : धोंडस. त्या आठवड्यात आणखी तीन खुणा पडल्या : एक कोबीच्या भानोल्याची, आणि दोन पुन्हा धोंडसाच्या.

हा प्रश्न साधा दिसतो, पण त्यात पाकशास्त्राचा एक जुना नियम दडलेला आहे. तवशाचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, खोबरे व वेलची एकत्र करून जाड बुडाच्या भांड्यात घालावयाचे, ते मंद विस्तवावर ठेवावयाचे, आणि झाकणावर निखारे पसरावयाचे. अशी कोकणातील धोंडसाची रीत. खाली विस्तव आणि वर निखारे. भानोलेही तसेच. गोव्यातील बेबिंका तर थराथराने ओततात आणि प्रत्येक थर वरच्या निखाऱ्यांनी भाजतात. आमच्या घरी चूल जाऊन गॅस आला, धूर गेला, डोळ्यांचे पाणी गेले, हे फार चांगले झाले. परंतु गॅसची ज्योत खालीच असते. झाकणावर ठेवावयास निखारे उरले नाहीत, आणि त्यांबरोबर हे पदार्थही घरातून निघून गेले. मातोश्रींनी शेवटचे धोंडस केले, तेव्हा आमची मुले जन्मलेलीही नव्हती. ज्यास आम्ही परदेशी चैन समजत होतो, ती पेटी म्हणजे चुलीची हरवलेली वरची बाजू होती!

तेव्हा आम्ही हिशेब असा मांडला. उत्साहाचा पहिला महिना सोडून द्यावा. शेवटच्या महिन्याचा आकडा खरा मानावा. आणि त्यातूनही एक खूण हौसेची म्हणून कमी करावी. म्हणजे महिन्यास तीन, वर्षास छत्तीस, पाच वर्षांत एकशे ऐंशी. ५,२०० भागिले १८० म्हणजे एकोणतीस रुपये. विजेचे दहा धरून खेपेस एकोणचाळीस. शिवाय ज्या खात्यास आकडा लावता येत नाही असे एक खाते होते. मातोश्रींच्या हातचे माप कोणीही लिहून ठेवलेले नव्हते. ते शिकून घेण्यास किती पावसाळे हाती आहेत, हे कोणास ठाऊक? विरोधी पक्षाने आपला विरोध मागे घेतला.

यंत्र आणले. भिंतीपासून चार बोटांहून अधिक अंतरावर, पडद्यापासून दूर, नव्या सॉकेटजवळ ते मांडले. पहिले धोंडस कन्येने आजीच्या देखरेखीखाली केले. १८० अंश, दोन्ही कांड्या चालू, पाऊण तास. कीस किती, रवा किती, गूळ किती, हे आजी मुठीने सांगे आणि कन्या ते वाटीने मोजून वहीत उतरवून घेई. भांडे बाहेर आल्यावर मातोश्रींनी सुरीने एक तुकडा काढला, चाखला, आणि निर्णय दिला : “पाठ बरोबर झाली. निखाऱ्याचा वास नाही. पण चालेल.” त्यानंतर त्यांनी दुसरा तुकडा घेतला.

आता त्या गोष्टीस वर्ष लोटले. दिनदर्शिकेवरील खुणा आम्ही चालू ठेविल्या होत्या. त्या चौतीस भरल्या. अंदाज छत्तीसांचा होता, म्हणजे फारसा चुकला नाही. चिरंजीवांचा पिझ्झा दोनदाच झाला, कारण ट्रेला चिकटलेले चीज घासणे हा पराक्रम त्यांस झेपला नाही. नाताळात शेजारच्या कुटुंबाने आपला केक आमच्या भट्टीत भाजून नेला आणि त्यातील चतुर्थांश आम्हांस दिला. कन्येच्या वहीत आजीचे अकरा पदार्थ झाले आहेत.

ह्यावरून प्रत्येकाने ओटीजी घ्यावा, असा अर्थ कोणी काढू नये. ज्या घरात टोस्टापलीकडे मजल जाणार नाही, तेथे तवा उत्तम. जेथे वर्षातून एकदाच नानकटाई लागते, तेथे बेकरी उत्तम. आणि जेथे साऱ्या खुणा एकाच्या व घासणे दुसरीच्या माथी, तेथे कोणतेच यंत्र न आणणे उत्तम. विद्यार्थिमित्रांस आमची एवढीच सूचना आहे की, सुट्टीत घरी एखाद्या नव्या वस्तूची बोलणी चालू झाली, तर हट्ट धरण्याऐवजी एक पेन्सिल दिनदर्शिकेस बांधावी आणि तीन महिने वाट पाहावी. मात्र घरात जितकी माणसे, तितक्या पेन्सिली बांधाव्यात, आणि सर्वांत वृद्ध माणसाच्या हाती त्यांतली एक आठवणीने द्यावी.