आधी कान, मग अक्षर
वामनदादांची गाणी मला पाठ होती, तेव्हा वामनदादा कोण हे ठाऊक नव्हतं. नाशिकरोडला आमच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या, म्हणजे आंबेडकर जयंतीच्या, आदल्या रात्रीच कर्णे लागायचे आणि गाणी थेट उशाशी यायची. पुढं मामाच्या रिक्षात कॅसेट आली, लग्नात गायनपार्टी आली. आता लेकीच्या मोबाइलवर तीच गाणी डीजेच्या ठोक्यात वाजतात. ठोका मला सोसत नाही, पण शब्द त्यालाही पुरून उरतात.

हा माणूस आपल्याच जिल्ह्यातला, हे कळलं कॉलेजात. वामन तबाजी कर्डक, जन्म 15 ऑगस्ट 1922, गाव सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. ते सात वर्षांचे असताना नाशकात काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तेरा वर्षांचे असताना येवल्यात बाबासाहेबांची धर्मांतराची घोषणा झाली. जिल्हा असा पेटलेला, आणि या पोराच्या वाट्याला शाळा नाही, गुरं. मग मुंबई. कोळशाच्या वखारीत काम केलं, खडी फोडली, चिक्की विकली. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहताना कुणीतरी पत्र वाचून द्या म्हणालं, आणि यांना वाचता येईना. ती लाज जिव्हारी लागली. बाराखडी शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं गिरवली. 1943 मध्ये पहिलं गाणं रचलं, तेही एका हिंदी गाण्याचं विडंबन.

पत्राची ही गोष्ट जयंतीच्या भाषणांत हमखास येते. अक्षर आलं आणि कवी झाला, असा तिचा सूर असतो. मला तो पटत नाही. अक्षर उशिरा आलं. कान त्याआधीच तयार होता. सभेत मागं उभ्या असलेल्या अडाणी माणसाला पहिल्याच ऐकण्यात कळेल अशी त्यांची ओळ असते, कारण तो माणूस काल-परवापर्यंत ते स्वतःच होते. माझ्या आजीला सही येत नव्हती. पण महाडचं तळं, काळाराम, येवला, नागपूरची धम्मदीक्षा हा क्रम ती कधी चुकली नाही. तो तिला गाण्यांनी शिकवला होता.

वामनदादा 15 मे 2004 रोजी गेले. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ हे त्यांचे संग्रह हाती आले, तर मनातल्या मनात वाचू नका. मोठ्यानं म्हणा.